उकळलेल्या पाण्याची कबुली

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? पाठ सोडली तर माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूचं मात्र सांगवत नाही.

मी प्रयोगशाळेत काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि ऐकता ऐकता झोपतेस, म्हणून लिहूनच टाकते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. तिची बारीकशी कडी कापून मी कोमट खारट पाण्यात दोन तारांवर अडकवते आणि औषध घालते. कडी आवळते, पडद्यावरची रेघ वर चढते. पाण्यात जंतूंच्या कवचाचे तुकडे मिसळले, की काही तासांनी तीच कडी औषधाला भीक घालत नाही, ढिम्म सैल राहते. (जंतू अंगात भिनले की रोग्याचा रक्तदाब कोसळतो, त्यामागे हेही एक कारण.) तुलनेसाठी काही कड्या नुसत्या स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, त्या आवळायलाच हव्यात. माझ्या त्याही सैल! तीन महिने मी यंत्राला, तारांना आणि एकदा तर खुद्द रक्तवाहिनीला शिव्या घातल्या. शेवटी ठरवलं, तुकड्यांनी काही फरकच पडत नाही. जगाच्या उलटं सापडलं म्हणून सर हरखले. पुढच्या महिन्यात ते परिषदेत हेच मांडणार आहेत.

काल शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी (बोलतात कमी, बघतात फार) मला पाण्याचा नवा कॅन फोडून दिला, आणि कडी अशी आवळली की रेघ पडद्याबाहेर! माझा कॅन आठवडा आठवडा बिनझाकणाचा पडलेला असायचा. पण मी तीस वर्षं नर्स असलेल्या बाईची भाची, उकळल्याशिवाय थेंब वापरला नाही. उकळून जंतू मेले गं, त्यांची कवचं मात्र पाण्यातच राहिली. ती उकळण्याला दाद देत नाहीत, हे पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे.

आज सकाळी सरळ सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. भीती कसली त्यात! सरांनी उलट मला चहा मागवला.

तुझी लाडकी भाची

ता. क. पाणी उकळायची शिकवण आत्याची, असं सरांना सांगितलंय. फोन आला तर कानावर हात ठेवू नकोस.

ता. क. २. फोन येणार नाही. सरांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परत आले. आत ते भाषणाची तालीम करत होते, खूप खुशीत. आत्या, पत्र मिळताच मला फोन कर आणि इंजेक्शनला घाबरणाऱ्या रोग्यांवर ओरडायचीस तशी ओरड. मग मी जाते.