विश्वेशने सोडलेला सामना

सोमवार, ९ जून

विश्वेश जाऊन दोन महिने झाले, तरी माझा पिच्छा सोडत नाही!

आज सुब्रमण्यम आला होता. स्टेशनजवळच्या पूल-खोलीचा, म्हणजे टेबलावर क्यूच्या काठीने चेंडू मारायच्या त्या खेळाच्या खोलीचा, मालक. आधी बाप चालवायचा, आता हा. दोन टेबलं, चार पंखे, त्यातले दोन फिरतात. म्हणे दर वर्षी विश्वेशच्या नावाने स्पर्धा ठेवायची. चेन्नईहून एक मुलगी येणार — गावोगावी पूल खेळणारे असे जे कुणी आहेत, हात सोन्याचा पण नाव कुणाला ठाऊक नाही, त्यांच्यावर फिल्म करते. आणि खोलीच्या भिंतीवर पाटी लावायची. पाटीवर काय रंगवणार ते मोबाइलवर दाखवलं, तमिळमध्ये. "आमचा विश्वेशअण्णा — ज्याने मित्रासाठी जिंकलेला सामना सोडला."

मित्र म्हणजे मी.

"पडदा तूच ओढायचा, मुरली," म्हणतो. वर दात काढतो. फिल्टर कापीचा दुसरा पेला मागून प्याला आणि गेला.

बरं आहे, या घरात देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. अप्पांनी छडी मारून शिकवली, आता शिव्या लिहायला कामी येते.

मंगळवार, १० जून

सकाळपासून डोक्यात तेच. एकदाचं लिहूनच काढतो.

१९९३. सिमेंट कारखान्याला आपल्या संघासाठी पूल खेळणारा एक माणूस हवा होता. जागा एकच. जिल्ह्याची अंतिम फेरी जिंकेल त्याला कायमची नोकरी. अंतिम फेरीत कोण — मी आणि विश्वेश. आमच्या मेलवीथी गल्लीतली दोन मराठी घरं, भिंतीला भिंत. माझे अप्पा त्याच वर्षी गेले होते, घर माझ्यावर आलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. विश्वेशचं निदान झेरॉक्सचं दुकान तरी होतं.

शेवटचा डाव. माझे बाकीचे चेंडू गेले होते, फक्त शेवटी घालायचा काळा राहिला होता. त्याचा एक चेंडू, तोही कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी. तो घातला की मग काळा, की खेळ खलास. त्याला हे डोळे मिटून जमायचं. टेबलावर वाकला, हात लांब केला, आणि फटका न मारताच सरळ उभा राहिला.

"फाऊल. बाही लागली चेंडूला."

पंचाने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही, मी माझ्या क्यूला खडू लावत होतो. पण आमच्या खोलीचा रिवाजच तसा. ज्याचा फाऊल त्याने आपल्या तोंडाने सांगायचा, दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. झालं. पांढरा चेंडू माझ्या हातात आला, हवा तिथे ठेवून मारायला. काळ्याची सरळ वाट त्याच्या चेंडूने अडवलेली होती, म्हणून मी तो टेबलाच्या कडेच्या कुशनवर आपटून मधल्या पॉकेटात घातला. जिंकलो. नोकरी लागली, लग्न झालं, घर बांधलं, पोरगा इंजिनियर झाला.

आणि दुसऱ्याच दिवसापासून गावभर एकच — बाही-बिही काही लागली नाही, विश्वेशअण्णाने मुरलीला नोकरी दिली. लग्नाच्या पंगतीत तेच, बँकेच्या रांगेत तेच. माझं सगळं आयुष्य त्याने वाढलेलं ताट!

तो स्वतः काय म्हणायचा? काही नाही. हो नाही आणि नाही नाही. नुसता हसायचा. त्या हसण्याला आग लागो.

बुधवार, ११ जून

कनकलता म्हणते, "दिली असेल नोकरी, तर बिघडलं काय? उपकार मानावेत माणसाने." स्वतःची बायको! आज तिच्या हातचं जेवलो नाही.

गुरुवार, १२ जून

जेवलो. वत्तकुळंबू होतं, चिंचेचं, माझ्या आवडीचं.

शनिवार, १४ जून

चेन्नईची मुलगी आली. शांभवी. मराठीच, पण कळतं तेवढं बोलता येत नाही. मी मराठीत बोललो की तमिळमध्ये उत्तर देते, मध्ये इंग्रजी. कॅमेरा लावला आणि म्हणाली, विश्वेशअंकल कसे खेळायचे ते सांगा.

ठरवलं होतं, चार ओळींत आटपायचं. पण खेळाबद्दल खोटं बोलता येईना. जीभच वळेना. सांगत बसलो — पांढरा चेंडू फटक्यानंतर जिथे थांबवायचा, तिथे आधी खडूचा ठिपका द्यायचा, आणि चेंडू येऊन ठिपक्यावर बसायचा. डाव्या हाताने खेळून उजव्या हाताच्या लोकांना हरवायचा. पावसात कापड ओलसर झालं की आम्ही सगळे चुकायचो, हा नुसता तळवा कापडावरून फिरवायचा आणि ओळखायचा आज चेंडू कुठे अडणार. मद्रासचे दोन नावाजलेले खेळाडू एकदा इथे आले होते, त्यांनी दुपारभर मार खाल्ला आणि जाताना त्याच्या हाताकडे बघत गेले.

"मग इतके मोठे असून बाहेर का नाही खेळले?" तिने विचारलं.

सांगितलं खरं कारण. बसमध्ये ओकायचा. पुढचं पापनाशम गाव यायच्या आत गडी आडवा. रेल्वेत बसला तर बाहेरचं खायचा नाही, दोन दिवस उपाशी, हात थरथरणार. एवढा मोठा खेळाडू, लिंबू हुंगत दहा मैलही जाऊ शकला नाही! ती हसली. मीही हसलो. बरं वाटलं.

मग तिने विचारलं, "आणि त्यांनी तुमच्यासाठी मॅच सोडली, ती गोष्ट?"

कॅमेरा बंद कर म्हणालो. केला नाही, तेव्हा मीच उठून आत गेलो.

सोमवार, १६ जून

पाटी रंगवून झाली. पूल-खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे, वर लाल पडदा. सुब्रमण्यमला म्हणालो, ही ओळ काढ. म्हणाला, अरे, हीच तर ओळ आहे, बाकी काय, तो पूल खेळायचा आणि झेरॉक्स काढायचा. म्हणालो, बाही खरंच लागली असेल. तो म्हणाला, "तू विचारलंस कधी अण्णाला?"

तोंडात मारल्यासारखं झालं. नाही विचारलं. शेजारी राहिलो, त्याच्या आईला खांदा दिला, दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे गेली, पण हे नाही विचारलं. विचारणार कसा? "हो, सोडला तुझ्यासाठी," म्हणाला असता तर मी कुठे तोंड लपवायचं?

आता एकच माणूस उरलं आहे. विश्वेशची बायको, अलमेलुवहिनी. विश्वेश गेल्यापासून तिरुवैयारूला भावाकडे आहे.

गुरुवार, १९ जून

गेलो. कावेरीला पाणी आलं आहे, पुलावर सगळं गाव बघत उभं, बस अर्धा तास अडकली. डोकं तापलेलं होतंच.

वहिनी ओट्यावर चिंच निवडत होती. "बैस की," म्हणाली. मी उभ्यानेच विचारलं. नमस्कार नाही, तब्येत नाही. त्या दिवशी बाही लागली होती की नव्हती?

तिने सूप बाजूला ठेवलं.

"लागली होती."

म्हणालो, तुम्हांस कसं ठाऊक, तुम्ही तिथे नव्हता.

"घरी आला तो कात्री शोधत आला. अंगातल्या शर्टाच्या बाह्या कापून टाकल्या. मग पेटीतले शर्ट काढले, लग्नातला रेशमी सुद्धा, सगळ्यांच्या बाह्या कापल्या. मी रडले रेशमीसाठी. जन्मात पुन्हा पूर्ण बाहीचा शर्ट घातला नाही त्याने. तुज कधी दिसलं नाही?"

दिसलं होतं की! मार्गळी महिन्याच्या थंडीतही अर्ध्या बाह्या. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

मग सोडल्याची गोष्ट कुणी उठवली? तर सुब्रमण्यमच्या बापाने. दुसऱ्या दिवशी त्याने विश्वेशची पाठ थोपटली — मित्रासाठी सोडलास, मोठा आहेस. "हा गप्प बसला," वहिनी म्हणाली. "एकदा गप्प बसला, मग बोलायचं कसं? आणि खोटं कशाला सांगू, गोड वाटायचं त्याला. हरला म्हणण्यापेक्षा सोडला म्हटलेलं. घरी मात्र म्हणायचा, पांढरा हातात आल्यावर मुरलीने जो फटका मारला, तो मला सुचला नसता."

हे मला एकदा तरी सांगायचं नाही का, मेल्या! भिंतीला भिंत होती आपली. ओट्यावरून हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं.

वहिनीला म्हणालो, रविवारी पाटीच्या कार्यक्रमात तुम्हांस माईक देणार आहेत. हे सगळ्यांसमोर सांगा. तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मी आवाज चढवला. तुमच्या नवऱ्याने माझी नोकरी भीक करून ठेवली, म्हणालो. एवढं तर तुम्ही मज देणं लागता. तिचा भाऊ बाहेर येऊन उभा राहिला.

"कापी घेऊन जा," ती म्हणाली. घेतली नाही.

शुक्रवार, २० जून

जिंकलो होतो. जिंकलो होतो. खराखुरा!

कनकलताला सांगितलं. ती म्हणाली, मग विश्वेशअण्णा आणखी मोठेच झाले की, कुणी पाहिलं नसताना आपला फाऊल सांगितला. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. असेल मोठा. टेबलापाशी मोठा, पण चहाच्या दुकानातल्या गप्पांत लबाड. दोन्ही सांगू दे त्याच्या बायकोने, आणि नाही सांगितलं तर मी सांगणार आहे. पडदा ओढायच्या आधी सांगणार, म्हणजे ती ओळ वाचायला कुणी उरायचं नाही. शर्टाला इस्त्री करून ठेवली.

रविवार, २२ जून

वहिनीने सांगितलं.

खोली भरलेली, शांभवीचा कॅमेरा चालू. वहिनीने पदर सावरून माईक घेतला आणि तमिळमध्ये सरळ सांगितलं. बाही लागली होती, ते हरले होते, मुरली जिंकला होता. लोक काय म्हणत होते ते त्यांना ठाऊक होतं, तरी ते गप्प राहिले. एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. झालं ना तुझ्या मनासारखं, एवढंच.

मग सुब्रमण्यम म्हणाला, "म्हणजे तीस वर्षं अण्णाने आम्हाला गंडवलं?" आणि कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग सगळेच हसायला लागले. ती माईक धरून तशीच उभी. कुणी तिच्या हातातून घेईना.

विश्वेशला हसतायत! ज्यांना पांढरा चेंडू सरळ रेषेत ढकलता येत नाही, ते. त्याला हसायचा, त्याला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे. यांचा नाही.

उठलो. माईक घेतला. म्हणालो, वहिनी तिथे नव्हत्या, मी होतो, टेबलाला लागून उभा होतो. बाही चेंडूपासून चार बोटं लांब होती. या डोळ्यांनी पाहिलं. विश्वेशअण्णाने सामना माझ्यासाठी सोडला, आणि मी आजवर कबूल केलं नाही.

हसणं बंद झालं. पडदा मीच ओढला.

सामना खरोखर कुणी सोडला असेल, तर तो मी, आज.