उदाहरणाला मेहुणा

३ जून, सोमवार
आमच्या इंग्रजीच्या क्लासला नवे मालक आले. शुक्रवारी माझा डेमो. पसंत पडला तर मी कायम, नाही तर वरची बॅच नव्या मॅडमना. शब्दही मालकांनीच दिला: 'एक्झेम्प्लिफाय'. म्हणजे उदाहरण देऊन दाखवणे, किंवा स्वतःच एखाद्या गुणाचा नमुना असणे. डाव्या हातचा मळ. उदाहरण देण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

४ जून
उद्यापासून पहाटे उठून तयारी. वाक्य आहेच: 'माय ब्रदर-इन-लॉ एक्झेम्प्लिफाइज लेझिनेस.' हुकमी एक्का. आळस, कंजूषपणा, घोरणं, फुशारकी, कुठलाही शब्द असो, मी बायकोच्या भावावर बसवतो. पोरं हसतात आणि शब्द विसरत नाहीत. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही.

५ जून, सकाळी ११
उठायला उशीर. गजर बायकोने बंद केला असावा. चहा देताना ती म्हणाली, मालक तुम्हाला थेट काढणारच होते, डेमो दादाने मिळवून दिलाय. मालक त्याचे शाळेतले दोस्त. शुक्रवारी दादाही ऐकायला येणार, मागच्या बाकावर.
चहाबरोबर डब्यातली सगळी बिस्किटं संपवली. भूक असावी. जेवून घेतलं.

६ जून
अगदी शांत आहे. दुसरं उदाहरण शोधायचं, एवढंच. जगात माणसं काय कमी आहेत?
शेजारी: चालला असता, पण त्याची मुलगी वर्गात आहे. न्हावी: आपली मान त्याच्या हातात. बायको: पान उलटतो.
संध्याकाळ. वाक्य नाही. ही नोकरी गेली तर या वयात मला कोण विचारणार? पण मला नेहमी ऐन वेळीच सुचतं.

७ जून, शुक्रवार, दुपार
अर्थ उत्तम सांगितला. उच्चारही. मालक मान डोलावत होते. शेजारी मेहुणा, इस्त्रीचा शर्ट घालून. मग मालक म्हणाले, आता एक उदाहरण द्या.
फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. खडू मोडला, हल्ली खडू चांगले येत नाहीत. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मदतीला धावली.
"सर, मेहुण्याचं द्या ना. नेहमीसारखं."
मग सगळ्यांनाच धीर आला. एकाने आळसाचं वाक्य दिलं, दुसरीने कंजूषपणाचं, मधल्या बाकावरून घोरण्याचं आलं, तेही आवाजासकट. एकाचंही वाक्य चुकलं नाही. मी मागच्या बाकाकडे पाहिलं नाही.
एकंदरीत डेमो बरा झाला.

८ जून, शनिवार
वरची बॅच मॅडमना. बायको आत्ता एवढंच सांगून गेली, की काल माझं नाव कापल्यावर दादा मालकांकडे ठाण मांडून बसला होता. त्यांना म्हणाला, "माझ्या जिवावर इतके शब्द पाठ करून घेतलेत पोरांकडून, आणि तू म्हणतोस त्यांना शिकवता येत नाही?"
म्हणून मला छोट्यांची बॅच मिळाली.
सोमवारी त्यांना 'जनरस' शिकवायचाय. अर्थ सोपा, मनाचा मोठा. मघापासून वाक्य जुळवतोय. त्यात घालायला माणूस सापडत नाही.