मेरी अक्कांसाठी उघडलेली कबर

तंजावूर, ८ मार्च १९९४, मंगळवार

आज मेरी अक्कांना पुरलं. अप्पांचा फौजेतला मित्र अरुळ एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याची ही बायको. मला त्याच्याच कबरीत ठेवा, असं त्या सांगून गेल्या होत्या. म्हणून माजी सैनिकांच्या दफनभूमीत सकाळी त्याची कबर उघडली. पेटीचं झाकण कुजलं होतं. आत हाडं नव्हतीच. वाळूची पोती, गणवेशाच्या चिंध्या आणि बूट. बूट मात्र अजून धड होते.

त्यांच्या मुलानं अप्पांकडे पाहिलं. "मामा, पेटी तुम्हीच आणली होती ना?"

"तो सापडलाच नाही रे," अप्पा म्हणाले. "तुझी आई जन्मभर दारात वाट पाहत बसली असती."

"अम्माला ठाऊक होतं?"

"नाही."

म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी फुलं घेऊन अक्का त्या बुटांशीच बोलत होत्या? अप्पांचा राग येतोय. पण त्यांच्या जागी मी तरी काय केलं असतं?

मुलानं पेटी तशीच ठेवायला सांगितली आणि आईला तिच्यावर उतरवलं. माती द्यायला अप्पा पुढे झाले, तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला आणि त्यांना हळूच बाजूला केलं.