मागे थांबायला कुणी नाही

पुणतांबा,
९ नोव्हेंबर २०२५

ती. बनूआत्यास,
मोनिकाचा सा. न. वि. वि.

एखाद्याने विश्वासाने आपली आई आपल्या हाती सोपवली, तर त्याला नाही कसं म्हणायचं? आत्या, मी पदवीधर झाले तेव्हा पप्पांनी गल्लीभर पेढे वाटले, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुला फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून कागदावर विचारते. नाहीतरी भाचीचं पत्र आलं की तू ते शेजारीपाजारी दाखवत फिरतेस, असं हर्षलदादा सांगत होता.

शिर्डीतलं माझं काम तुला ठाऊक आहे. रेश्मावहिनींचे तीन फ्लॅट आहेत, दर्शनाला आलेली कुटुंबं ते दिवसाच्या भाड्याने घेतात. एक कुटुंब गेलं की दुसरं यायच्या आत चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, ओट्यावरचे कुंकवाचे डाग काढायचे. वहिनी नगरला राहतात, त्यामुळे किल्ल्या माझ्याकडे. आई अजून शेजारणींना मी 'हॉटेल लाइन'मध्ये आहे असं सांगते. सांगू दे. बी.एड.ला प्रवेश मिळेपर्यंत मी घरी कुणाकडे हात पसरत नाही, मला तेवढं पुरे आहे.

अडचण वेगळीच आहे. पाहुणे दर्शनाला निघतात आणि दारातच म्हणतात, ताई, आमच्या आईकडे जरा बघा, हे गेलो नि हे आलो. रांगेतून ती माणसं उगवतात संध्याकाळी. तोवर मी आजींना चहा देते, संडासाला नेते, त्यांच्या सुनांच्या कागाळ्या ऐकते. गेल्या आठवड्यात एका आजोबांना दरदरून घाम फुटला. गोळी कुठली द्यायची मला ठाऊक नाही, मुलाचा मोबाईल बंद. शेवटी साखर चारली आणि ते सावरले, पण काही झालं असतं तर? तिकडे दुसऱ्या फ्लॅटचे पाहुणे बॅगा घेऊन जिन्यात बसलेले. वहिनींनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर दुसरी बाई बघावी लागेल.

नाही म्हणावं तर माणुसकी जाते आणि हो म्हणावं तर काम. तूच काय ते सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मोनिका


भिंगार,
१४ नोव्हेंबर

चि. मोनिकास बनूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. व्हय, दाखवलं मी सगळ्यांना. समोरची म्हणाली, अक्षर लई देखणं हाय, पोरगी मास्तरीणच व्हायची. तू मात्र शाळेत असल्यापासून दुसऱ्याचं ओझं दिसलं की डोक्यावर घेणारी. तुझा बाप छगनही असाच. लहानपणी कुणाचीही शेळी राखायचा आणि आमची मोकाट सुटायची.

मला जास्त कळत न्हाई, मी चौथी शिकलेली. पण एक विचारते. त्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं का? त्या काय तुझ्या हातचा चहा प्यायला एवढ्या लांबून आल्या?

इकडं ठीक हाय. सुनेच्या धाकट्या बहिणीचं लग्न ७ डिसेंबरला संगमनेरला हाय. मी हिरवी साडी फॉल-बिडिंग करून आणून ठेवली होती. पण हर्षल म्हणतो, आई, तुला काय ऐकू येणार, गर्दीत उगीच दमशील, घरीच थांब. बरोबरच हाय त्याचं. साडी काय, पुढं कवातरी नेसता येईल. तुला सोबतीला बोलवून घेतो म्हणाला. ये बरं का. शेंगोळे करू, झणझणीत. तुझ्या आईला करता येत न्हाईत, हे तिला दाखवू नको.

तुझी वाट बघणारी,
बनूआत्या


पुणतांबा,
२० नोव्हेंबर

ती. बनूआत्यास सा. न. वि. वि.

पत्र आईने आधीच वाचलं. शेंगोळ्यांबद्दल तुला निरोप आहे, पण तो लिहिण्यासारखा नाही.

तुझा प्रश्न मी लगेच वापरला. परवा परतूरहून एक कुटुंब आलं. मुलाचं नाव बिभीषण, आईचं कडूबाई. दुपारी आजींना माझ्याकडे सोपवून सगळे बाजार फिरायला गेले, तेव्हा मी त्यांना विचारलं, आजी, दर्शन झालं का? त्या म्हणाल्या, कुठलं बाई! पहिल्या खेपेला सामान सांभाळायला थांबले. दुसऱ्या खेपेला नातू पाळण्यात होता, त्याला घेऊन बसले. आता गुडघे. लेक म्हणतो, या फ्लॅटवर सांभाळणारी पोरगी असते, तुझी चांगली सोय होईल. हे सांगताना त्या हसत होत्या. पिशवीत नारळ होता, गावाहून आणलेला. तो काढून पदराने पुसला आणि परत ठेवला.

आत्या, ती सोय म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाला निघताना बिभीषणभाऊ नेहमीचंच बोलले, ताई, आईकडे जरा बघा. मी म्हटलं, मी फ्लॅट झाडते, धुते, चादरी बदलते. माणसं सांभाळत नाही. म्हाताऱ्यांना आत सोडायची सोय वेगळी असते, खुर्चीही मिळते, आजींना बरोबर न्या. ते चिडले. शिकल्या पोरींना माणुसकी उरली नाही म्हणाले आणि वहिनींना फोन लावून माझ्या हातात दिला. मी वहिनींनाही तेच सांगितलं, वर हेही की आजोबांना घाम फुटला त्या दिवशी काही बरंवाईट झालं असतं तर पोलीस तुमच्याच दारात आले असते. वहिनी एवढंच म्हणाल्या, मग बोलू.

आजी रिक्षातून गेल्या. आल्या त्या करवादतच! कुणीतरी पायावर पाय दिला, धड हात जोडायच्या आत पुढे ढकललं, असलं दर्शन असतं होय? आणि मग निघेपर्यंत त्या दर्शनाशिवाय दुसरं काही बोलल्याच नाहीत. नारळाचा तुकडा मला मुठीत दिला, सुनेला दिसू न देता.

कामाचं अजून नक्की नाही. बिभीषणभाऊंनी बुकिंगच्या ॲपवर माझ्याबद्दल वाईट लिहिलंय. हर्षलदादाचा फोन आला होता, सोबतीला येते म्हणाले मी त्याला. शेंगोळे ठरले.

तुझीच,
मोनिका


भिंगार,
२६ नोव्हेंबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

कडूबाईचं मी दोनदा वाचलं. समोरच्या बाईला दाखवलं न्हाई, माझ्यापाशीच ठेवलं.

तू येणार म्हणून शेंगोळ्यांसाठी हुलगे दळून आणले. सून सांगत होती, मांडव मोठा हाय आणि वाजंत्री नाशिकची आणलीय. मला एक गंमत ठाऊक हाय, कुणाला सांगितलेली न्हाई. कान गेल्यापासून सनई कळत न्हाई, पण ढोल जवळ वाजला की छातीत कळतो. लेकाच्या लग्नात कळला होता. ते असो. येताना पेरू आण, राहात्याचे.

तुझी,
बनूआत्या


पुणतांबा,
२ डिसेंबर

ती. बनूआत्यास सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. वहिनींनी मला ठेवलं. फ्लॅट भाड्याने देतानाच्या सूचनांत आता लिहिलंय की साफसफाई करणारी ताई पाहुण्यांची माणसं सांभाळणार नाही. पुढच्या फ्लॅटमध्ये आलेल्या एका बाईंनी ते वाचून नाक मुरडलं आणि सासूबाईंना घेऊन निघाल्या.

आता ज्यावर तू रागावशील ते. मी सात तारखेला येत नाही.

काल हर्षलदादाला फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, काम निघालं का? म्हटलं, सुट्टी आहे, तरी येणार नाही. पप्पांना आणि आईलाही मी तुझ्या सोबतीला येऊ देणार नाही. सोबतीसाठी समोरच्या बाईंकडेही जाऊ नको, त्यांनाही मी तुझ्या सुनेच्या फोनवरून गाठलंय. दादा आधी हसला, मग तुझ्यासारखाच करवादला. मी त्याला कडूबाईंची गोष्ट सांगितली नाही. ढोलाची तेवढी सांगितली. तुला न विचारता सांगितली, त्याबद्दल कान धर माझा. शेवटी म्हणाला, गाडीत जागा होईल, पण आई येईल का?

फॉल-बिडिंग केलेली हिरवी साडी आहे तिच्याकडे, एवढंच मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शेंगोळे राहू देत, पीठ टिकतं. पेरू मी आजच नगरच्या एस.टी.त कंडक्टरजवळ दिलेत, दादा उतरवून घेईल. तुझी खुर्ची वाजंत्रीच्या बाजूला टाकायला त्याला बजावलंय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मोनिका