चांदीचं बुटकं शिखर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. बारामती

स्वरालीचा आलेख जुळला! एकदाचा! तीन महिने माझ्या गणिताची रेघ एकीकडे, तिनं बनवलेल्या चांदीच्या कणांचं माप दुसरीकडे. कण कुठला प्रकाश किती गिळतो, एवढंच बघायचं. माझं शिखर उंच, टोकदार. तिचं बुटकं, पसरट. चाळीस वेळा! "माझ्या हाताला यशच न्हाय, ताई," म्हणायची. सर तर तिची पीएचडीची नोंदणी रद्द करायला निघाले होते. आज रेघेवर रेघ! तिनं पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही — सोमवार म्हणे. सर म्हणाले, आठवड्यात पेपर पाठवून टाकू.

५ फेब्रुवारी

मी गाढव आहे.

पेपरसाठी गणित परत तपासत होते. चांदीचे आकडे घेतलेत ते मोठ्या तुकड्याचे — आणि आमचे कण चार नॅनोमीटरचे! एवढ्याशा कणात इलेक्ट्रॉन जरा हलला की कडेला धडकतो. ते धडकणं मी धरलंच नाही. आज धरलं. शिखर खाली बसलं. बुटकं, पसरट.

म्हणजे पोरीची चाळीसही मापं खरी होती. चूक माझी.

आणि परवाचं? परवाचं जुळूच शकत नाही.

६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. चूक कबूल केली तर सर पहिलं हेच विचारणार — मग तिचं जुळलं कसं? पोरगी जाणार. गप्प बसले तर खोटा पेपर जाणार, माझ्याच नावानं. इकडे आड, तिकडे विहीर.

घरी अप्पांना आडून विचारलं. "चुकलं तर सांगून मोकळं व्हायचं. त्यात काय हाय?" अप्पांचं बरं असतं. मोकळी मी होईन. तिचं काय?

७ फेब्रुवारी

सुचलं! नवी रेघ आणि तिची जुनी चाळीस मापं — तीच पेपरात घालायची. शेवटचं काढून टाकायचं; चाळीस जुळल्यावर त्या एकाचं सर विचारणार नाहीत. सरांना चूक मी सांगेन, बोलणी मी खाईन. खरं आहे तेच जाईल आणि तीही राहील. स्वराली घरी वरकुट्याला गेलीय, उद्या सकाळच्या एसटीनं येईल.

८ फेब्रुवारी

स्टँडवरच गाठलं तिला. सगळं सांगितलं. रडायला लागली — "आकडे मीच बदलले, ताई. तुमचं गणित चुकंल असं वाटलंच न्हाय." म्हटलं, असू दे, आधीची मापं दे.

"पुसली सगळी. चुकीची हायत, असं तुमीच म्हणला व्हता न्हवं?"