पाचवं माणूस

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर १९९८

चि. राजशेखर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटावर सवयीनं सौ. शिवगंगा लिहिलंस. पोस्टमन ज्ञानूनं ते अक्षर अंगठ्याखाली झाकून पाकीट दिलं. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही परवा शाळेच्या हजेरीवर तसंच लिहिलं.

तुझे दाजी जाऊन महिना झाला. गावात बाकी सगळं तसंच. गायरानावर ओतकामाच्या कारखान्यांची जळकी काळी वाळू पडतेच आहे, आणि त्यावर कुणी सभा घेऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम दर पंधरा दिवसांनी वाढतोच आहे. पाच माणसं एकत्र दिसली की गुन्हा. म्हणून तर हे आणि ते चौघं दर शनिवारी दुपारी चावडीसमोर मोजून पाच बसायचे. पोलीस नेत, चहा पाजत, संध्याकाळी सोडत.

आता चौघंच बसतात. फौजदार त्यांच्यातल्या चहावाल्या केरबाला म्हणाला म्हणे, की आता बसा की पावणं निवांत, चौघांचा काय गुन्हा व्हत न्हाई, ईरप्पा मिस्त्री जाता जाता तुमची सुटका करून गेलं. केरबा पाचवं माणूस शोधतोय. पण एकाची म्हैस अडलीय, एकाच्या पोरीची सोयरीक अडलीय.

मी वर्षभर ह्यांचा डबा न्यायचे आणि दहा पावलं अलीकडेच ठेवून परत यायचे. मोजणीत येऊ नये म्हणून. शनिवारी शाळा सकाळची असते. आता आपणच बसावं म्हणते. आधी तुला कळवलं.

माया असू दे.
तुझी अक्का


सातारा,
१४ नोव्हेंबर १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटाबद्दल मी कान पकडतो. बाकीबद्दल तू पकड. शेजारच्या शालूबाई भांडल्या की तू उलट बोलायच्या ऐवजी त्यांचं अंगण झाडून यायचीस. अशी बाई पोलिसांच्या गाडीत चढणार? पायरी उंच असते, गुडघ्यांना विचारून बघ.

थट्टा पुरे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे, नियम माझ्याकडून ऐक. नोकरदार अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित. तुझ्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. फौजदार चहा पाजतो तोवर ठीक, पण उद्या पुन्हा बसणार नाही असं लिहून मागेल. मागितलं तर लिहून दे आणि घरी ये. हुकूम चुकीचा आहे हे मलाही पटतं. पण गावाला पाचवं माणूस दुसरं मिळेल, मला अक्का एकच आहे.

रागावणार नाहीस हे माहीत आहे. रागावलीस तरी लिही.
तुझा राजू


कोल्हापूर,
२७ नोव्हेंबर १९९८

चि. राजशेखर यास,
अनेक आशीर्वाद.

पायरी खरंच उंच होती. केरबानं खाली खोकं ठेवलं.

एकवीस तारखेला दुपारी तीनला मी जाऊन बसले. फौजदारानं दोनदा मोजलं. मला म्हणाला, बाई, जरा तिकडं सरका की, म्हंजे चारच ऱ्हातील. मी म्हटलं, बसलेय तिथं बरी आहे. या खेपेला चहा नव्हता. तू म्हणालास तसंच लिहून मागितलं. रविवारी न्यायाधीशांपुढं नेलं, त्यांनीही तेच मागितलं. चौघांनी नाही म्हटलं. त्यांच्यातला बाळासो माझ्याकडं वळून म्हणाला, वैनी, तुम्ही द्या की लिहून, आमी मनात धरणार न्हाई. पण लिहून दिलं असतं तर हुकूम बरोबर होता असा अर्थ झाला असता. मीही नाही म्हटलं, तशी आमची रवानगी जेलात झाली.

जेलात बायकांना मी मास्तरीण आहे हे कळल्यावर मला उसंत मिळाली नाही. सगळ्यांना घरी पत्रं लिहून हवी होती. सोमवारी दुपारी जेलरबाई तोच लिहून द्यायचा कागद घेऊन आल्या. तीनला दहा कमी आहेत, सही करा म्हणाल्या. तुझा नियम त्यांनाही पाठ होता. मी तेव्हा एकीच्या सासूला पत्र लिहीत होते. सासूला गोड लिहायचं म्हणजे वेळ लागतो. पत्र संपलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

मंगळवारी ताकीद देऊन सोडलं. निलंबनाचा कागद काल आला. मुलांचे अपूर्णांक नुकतेच सुरू केले होते, ते मधेच राहिले, त्याचं वाईट वाटतं. हुकूम पुन्हा वाढलाय.

एक सोय मात्र झाली. उद्या शनिवार, आणि शाळा सुटायची वाट बघायला नको. सकाळी दहालाच जाऊन बसते.

ममता कमी करू नकोस.
तुझी अक्का