तू झाडून ठेवलेली खोली

चि. बाळ्यास,
ताईचे पिठाळ हातांनी आशीर्वाद.

"भाऊजी गेले म्हणून काय झालं? तुझी खोली झाडून ठेवलीय, परत ये," हे तुझं वाक्य वाचून डोळे भरले.

मी बरी आहे. बेकरीतलं काम अंगवळणी पडतंय. मनगटाला भट्टीचा चटका बसलाय, तेवढं आईला सांगू नकोस.

सुरुवातीला माझे पाव विटेसारखे व्हायचे. भट्टीवाले काका म्हणाले, "ताई, राग पिठावर काढू नका, ते फुगायचं विसरतं." खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी बॅग भरली होती. सकाळी वाटलं, जायचंच आहे तर एकदा नीट मळून तरी बघू. मग रोज तेच वाटत गेलं. परवा सगळेच पाव सुरेख फुगले. काका एक पाव मोडून खात राहिले, मग दुसराही उचलला. त्यांच्या तोंडची हीच शाबासकी!

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढायला लावू नकोस.

आणि तुझी छकुली अजून स्वयंपाकघरातच अभ्यास करते ना? तिचं टेबल माझ्या खोलीत लाव. सुट्टीत आले की मी तिच्याशेजारी झोपेन.

सगळ्यांना जपणारा तू, स्वतःलाही जप.

तुझी,
ताई